रेस उतरेना

वारंगा फाट्यावर एस.टी.ची वाट पाहत बसलेल्या रागिणीला शेजारच्या गॅरेजातलं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"देविदास, हे गेले तवापासून गाडी उभ्या जागी रेस घेऊन राहिली. आज गिऱ्हाईक येतंय, विकून टाकते."

"अनुसयाकाकू, पेट्रोल इंजेक्शनची जुनी गाडी हाय. कुठून तरी जास्तीची हवा ओढत असंल. हे बघा, हवा आत जायच्या भोकावर अंगठा दाबला, आता उतराय पायजे."

"उतरली का रेस?"

"न्हाई ना. पेडलची केबलच ताणलेली दिसती. काकू, पेडलवरचा पाय काढा बरं."

"मी तर तुझ्या मागं उभी हाय."

"मंग आत कोण बसलंय?"

"अहो, काढा आता पेडलवरचा पाय. न्हाई विकत मी."

इंजिनाचा आवाज हळूहळू खाली आला.