मिठाचा वास

वानयी : पण आई, च्याओझीच्या करंज्यांचं सारण दरवर्षी तुम्हीच हुंगता ना? आज पातेलं माझ्याकडे का सरकवताय?

क्वेइफांग : पाऱ्या लाटतेय, दिसत नाही? हात पिठात आहेत.

वानयी : नाक तर मोकळं आहे की.

क्वेइफांग : वर्षाच्या शेवटच्या दिवशी तरी सासूला उलट उत्तर देऊ नकोस. मांस कच्चं आहे, चाखता येत नाही. मीठ बेताचं आहे का, ते हुंगून सांगायचं. बास.

वानयी : बास? लग्न होऊन आले त्या वर्षी मी हुंगायला वाकले, तर सगळ्या नणंदांसमोर म्हणालात, ‘ग्वांगझौचं नाक ते, त्याला वाफवलेले मासे तेवढे कळतात.’

क्वेइफांग : भलतंच लक्षात ठेवतेस. मी विणलेला स्वेटर नाही आठवत.

वानयी : आठवतो. बाह्या आखूड होत्या.

क्वेइफांग : हुंग मुकाट्यानं.

वानयी : आलं येतंय. तिळाचं तेल, कांद्याची पात... मीठ कसं कळणार?

क्वेइफांग : मीठ बरोबर असलं की मांसाचा हिवसपणा, तो कच्चा वास, मागे सरतो. कमी असलं की तोच आधी नाकात शिरतो.

वानयी : थांबा, आई, लसूण! तुमच्या पाठीमागे, माशाच्या कढईत! पार कोळसा झाला... तुम्हाला वास नाही आला?

क्वेइफांग : लक्ष नव्हतं माझं.

वानयी : परवा दूध करपलं तेव्हाही शेजारीच होतात. आई, डोळे मिटा बरं. ही बाटली कशाची?

क्वेइफांग : ...सोया सॉसची.

वानयी : व्हिनेगर आहे हे. कधीपासून?

क्वेइफांग : हिवाळ्याआधी ताप आला होता ना, तेव्हापासून. जिभेलाही माती खाल्ल्यासारखं लागतं.

वानयी : आणि आम्हाला कुणाला सांगितलं नाहीत?

क्वेइफांग : काय सांगू? तुझे सासरे पहिला घास खाऊन मान डोलावतात, तेवढ्यावर मी वर्ष काढते. कळलं तर म्हणतील, ‘तू बस आता, हॉटेलातून मागवू.’ मग या घरात मी कोण गं?

वानयी : एखादी च्याओझी उकडून मी चाखू का?

क्वेइफांग : पहिला वाडगा पूर्वजांपुढे ठेवायचा असतो. त्याआधी तोंड लावतात का कुणी?

वानयी : मग सरका. ...हिवसपणाच आधी येतोय. घाला चिमूटभर.

क्वेइफांग : तूच घाल.

वानयी : माझी चिमूट नको, तुमची हवी. हं... आता फेटा. अजून थोडं... सरला मागे.

क्वेइफांग : नक्की?

वानयी : ग्वांगझौचं नाक आहे, चुकलं तर चुकलं.

(संध्याकाळ. पूर्वजांपुढे वाडगा ठेवून झाला आहे. सासरे, लाओ थान, जेवायला बसले आहेत.)

लाओ थान : हं. नेहमीचीच चव.

वानयी : आईंचंच सारण ते, बाबा.

क्वेइफांग : खोटं बोलतेय. मीठ तिनं ठरवलं. मला... मला वास येत नाही हल्ली.

लाओ थान : माहीत आहे.

क्वेइफांग : कुणी सांगितलं?

लाओ थान : सांगायला कशाला हवं? हिवाळाभर कधी आळणी जेवतोय, कधी खारट. मान डोलावायची राहिली का एकदा तरी?

क्वेइफांग : ...खा आता. गार होतील.