जैनाबादचा चढ

तुमच्या गाड्यांचं राहू दे, आमचं ऐका. नवा मध्यप्रदेश झाला त्या छप्पन साली आमच्या वश्यानं लष्करी लिलावातली मोटारसायकल आणली. ती घेऊन आम्ही तिघं मित्र तापीच्या पात्रातून जैनाबादचा मातीचा चढ चढायला गेलो. वर वश्याचे काका आपल्या केळीच्या बागेत उभे होते. वश्या पडला, रघू पडला, मी तर दोनदा पडलो. दर खेपेला काका वरून म्हणायचे, "सोडा रे, ह्या चढाला बैलजोडीच लागते."

शेवटी मी डोळे मिटून मूठ पिळली. गाडी चढली, पण थांबेना. काकांच्या केळीची चार झाडं आडवी करूनच पडली.

चिखलातून उठत मी म्हणालो, "काका, चुकलं."

काकांनी धोतर वर खोचलं. "मरू दे त्या केळी. मला मागं बसव आन् अजून एकदा चढव."