अर्धा जबाब

नीला : बंद नको करूस, चंद्रप्रकाश! सगळं जाईल.

चंद्रप्रकाश : अगं, बटणाला हात कुठे लावतोय? खालच्या कॉम्प्युटर क्लासमधून धावत आलोय, आधी बघू तर दे. काय झालं?

नीला : टाइप करता करता कॉम्प्युटर ठप्प झाला. कर्सर हलेना, अक्षर उमटेना. या वनमालाताई. यांचे मिस्टर कारखान्यात बॉयलरवर होते. बॉयलर फुटला, त्यात गेले. कंपनी म्हणते, चूक त्यांचीच. उद्या लेबर कोर्टात यांचा जबाब द्यायचाय.

चंद्रप्रकाश : कागदावर उतरवलायस ना?

नीला : नाही रे. त्या बोलत होत्या, मी तिथल्या तिथे इंग्रजी करून टाइप करत होते. संध्याकाळी यांच्या वकील क्षमा मॅडम सही घ्यायला येतायत.

वनमाला : माझ्यामुळे झालं काय गो, बाय? मी मघाशी टेबलावर हात टेकलेला.

नीला : नाही हो ताई, तुमचं काही नाही.

चंद्रप्रकाश : नमलॉक दाब. कीबोर्डवरचा दिवा लागला?

नीला : नाही.

चंद्रप्रकाश : प्रिंटर चालू कर. कधी कधी मशीन त्याचीच वाट बघत बसतं.

नीला : केला. ढिम्म.

चंद्रप्रकाश : शेवटचं सेव्ह कधी केलंस?

नीला : चहा टाकायला उठले तेव्हा. यांचं लग्न, मिस्टरांची नोकरी, बॉयलरची ड्युटी, तिथपर्यंत. त्या दिवसाचं सगळं नंतरचं.

चंद्रप्रकाश : मग ते जाणार.

नीला : असं काय बोलतोस यार! रडत रडत सांगितलंय त्यांनी. कुठल्या तोंडाने परत विचारू?

चंद्रप्रकाश : स्क्रीनवर दिसतंय तेवढं तरी वाचव. पेन घे. उतरव आधी.

नीला : हे तर हॉस्पिटलचं आहे. सकाळचं वर सरकून गेलं.

चंद्रप्रकाश : आहे ते लिही... झालं? फ्लॉपीचा लाल दिवा बघ.

नीला : जळतोय.

चंद्रप्रकाश : मग थांब. तो जळतोय तोवर फ्लॉपी ओढायची नाही, लाइटही तोडायची नाही. नाहीतर सेव्ह केलेल्याचीही वाट लागेल.

वनमाला : किती वेळ?

चंद्रप्रकाश : सांगता येत नाही, ताई.

नीला : विझला!

चंद्रप्रकाश : आता कंट्रोल, ऑल्ट, डिलीट. तिन्ही एकदम.

नीला : काही नाही.

चंद्रप्रकाश : फ्लॉपी काढ. हळू. आता मागचं बटण बंद कर. लगेच चालू करू नकोस, आतला पंखा पूर्ण थांबू दे.

(पंख्याची घरघर मंद होत थांबते. तिघं काळ्या पडद्याकडे बघत राहतात.)

चंद्रप्रकाश : डॉसची फ्लॉपी घाल. चालू कर. हां, आला. आता तुझी घाल.

नीला : फाइल आहे! उघडतेय. ड्युटीपर्यंत आहे, पुढे कोरं. ताई, माफ करा मला. त्या सकाळचं तेवढं परत सांगाल?

वनमाला : मघाशी काय लिहिलं होतंस?

नीला : डबा घेऊन नेहमीसारखे निघाले. काही बोलले नाहीत.

वनमाला : ते पुरतं गेलं ना?

नीला : हो.

वनमाला : बरं झालं.

नीला : म्हणजे?

वनमाला : माझा दीर अजून तिथेच कामाला आहे. त्याच्या पोटावर पाय नको म्हणून मी गप्प राहिले. हे बोलले होते, बाय. वाफ सोडायचा व्हॉल्व्ह साहेबांनी तारेने बांधून ठेवायला लावलाय, म्हणाले. मी नाही म्हटलं तर दुसऱ्याकडून बांधून घेतील, असंही म्हणाले.

चंद्रप्रकाश : मी बाहेर थांबतो.

वनमाला : नको. बसा. ऐका तुम्हीपण.

नीला : ताई, हे कोर्टात गेलं तर दिराला काढून टाकतील.

वनमाला : टाकतील. काल जेवताना तो म्हणाला, वहिनी, नवा बॉयलर आला, त्याच्यासमोर आता मी उभा असतो. ह्याचापण व्हॉल्व्ह बांधलाय. मी त्याला म्हटलं, गप जेव. उद्या त्याचंही तसंच व्हायचं, बाय.

नीला : मग टाइप करू?

वनमाला : कर. लिही, त्या दिवशी ते दारात थांबले होते.