केरबानं गाळलेली लेक

मंडळी, ऐका! माणसानं लेकराबाळांसाठी मागं काय ठेवावं? घर? शेत? कुणी म्हणेल, बुवा, मी माझं चरित्र लिहून ठेवीन. ठेवा की! पण मला सांगा — त्यात कोण कोण असेल? आणि कोण नसेल? — अहो माळीकाका, जागे व्हा, हे तुमच्यासाठीच चाललंय!

गोदाकाठी केरबा रंगारी नावाचा म्हातारा होता. लुगडी रंगवण्यात हयात गेली. बायको राहीबाई, दोन मुलगे. ऐंशी सरली तसे मुलगे म्हणाले, "आबा, तुमचं चरित्र लिहा. सहस्रचंद्रदर्शनाला छापून वाटू!" म्हातारा हरखला! रोज ओसरीवर बसून लिहायचा, राहीबाईला वाचून दाखवायचा. बाप आला, दुष्काळ आला, रंगाची भट्टी आली. एक दिवस लिहिलं, 'मला दोनच अपत्यं.'

तांदूळ निवडता निवडता राहीबाईचा हात थांबला. "आणि सगुणा?"

आता सगुणा कोण? यांची एकुलती लेक, मुलग्यांहून थोरली! परजातीच्या मुलाशी लग्न करून गेली. तेव्हा या केरबानं काय केलं? नदीवर गेला आणि जिवंत लेकीच्या नावानं आंघोळ केली! मेली म्हणून मोकळा झाला! वर्षानं ती तान्हं बाळ घेऊन दारात आली, तर म्हणतो, "माझी लेक मेली. तू कोण?" मुलगे तेव्हा अगदी लहान. त्यांना कुणी कधी सांगितलंच नाही.

"अहो, एक ओळ लिहा," राहीबाई म्हणाली. "मला अक्षर येत नाही, नाहीतर तुमच्या पाया पडले नसते."

"चारचौघांत लाज काढू? बघू पुढं!"

पुढं! पुढं राहीबाईच गेली. चितेसमोर म्हाताऱ्याला उमगलं — आता या घरात सगुणेचं नाव ठाऊक असलेला मी एकटाच! घरी येऊन लेखणी उचलली, तर उजवं अंग लुळं! वाचा गेली!

पुस्तक छापून झालं. मुलगे गुणाचे हो! रोज उशाशी बसून बापाला त्याचंच चरित्र वाचून दाखवतात. 'मला दोनच अपत्यं' आलं, की म्हातारा डावा हात आपटतो, ढसाढसा रडतो. थोरला म्हणतो, "बघ, आबांचा किती जीव आहे आपल्यावर! पुन्हा वाच रे तेवढं!"

आणि धाकटा पुन्हा वाचतो!

मंडळी, केरबाला शिव्या देऊन घरी जाऊ नका. तुमच्या घरात कुणाचं नाव निघत नाही? तुमची वाचा अजून शाबूत आहे ना? मग टाळ राहू द्या, मृदंग राहू द्या. मी थांबलोय. घ्या ते नाव — मोठ्यानं!