इंदुमतीने साबण पाहिला

दिनांक १३ सप्टेंबर २०२५, सकाळी ११.२०.

मी क्रांती गंगाराम गमरे, वय २९ वर्षे, धंदा नोकरी, स्टाफ नर्स, राहणार सेक्टर ११, कामोठे, नवी मुंबई. मूळ गाव तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी.

समक्ष पोलीस ठाण्यात हजर होऊन सांगते की, मी वरील पत्त्यावर आई बायजाबाई, वय ६२, हिच्यासोबत राहते. आई सरकारी रुग्णालयात आया होती, आता निवृत्त आहे. मी तुर्भ्याच्या एका खासगी रुग्णालयात सहा वर्षांपासून अतिदक्षता विभागात आहे. तिथे जंतुसंसर्ग नियंत्रणाच्या इन्चार्ज नर्सचं पद रिकामं झालंय. लेखी परीक्षेत मी पहिली आले. मुलाखत सोमवारी, १५ तारखेला अकरा वाजता आहे. या पदाचं मुख्य काम म्हणजे अख्ख्या रुग्णालयाला हात धुवायला शिकवणं. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

जून महिन्यात मी बेलापूरच्या ‘करुणासेतू’ या संस्थेतर्फे दहा दिवस श्रीलंकेला स्वयंसेविका म्हणून गेले होते. परदेशात पहिल्यांदाच. पगारी रजा टाकून. काम होतं जाफन्याच्या पुढच्या एका बेटावर शाळेतल्या मुलांना आणि बायांना हात धुणं, जखम साफ करणं शिकवायचं. सोबत संस्थेची ईश्वरी, फोटोवाला निखिल आणि हॉलंडचे दोन विद्यार्थी होते. पाचांत हात धुण्याचं शिक्षण एकटीचंच झालेलं होतं, ते माझं.

कोलंबोहून जाफन्याला दिवसभर बस होती. ड्रायव्हरच्या मागची सीट भंतेजींसाठी, म्हणजे बौद्ध भिक्खूंसाठी राखीव. एक भंतेजी चढले, बसलेला माणूस लगेच उठला. राखीव जागा, आणि अख्ख्या बसमध्ये कुणी हूं की चूं केलं नाही. मी आईला फोन करून सांगितलं. आई म्हणाली, “बघ गो, देश असावा तर असा.” साबणाचे दोन खोके मांडीवर घेऊन मी नऊ तास बसले. हॉलंडवाल्यांच्या मांडीवर त्यांचे स्वतःचे मोबाइल होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर ईश्वरीने संस्थेचे निळे टी-शर्ट वाटले. मी हात पुढे केला. ती म्हणाली, “एक कमी पडला गं. पण तुला कशाला हवा? तू तर आपलीच आहेस.” आपलीच म्हणजे कुणाची, ते तिने सांगितलं नाही. मीपण मूर्ख, विचारलं नाही.

फेरीबोटीत निळे टी-शर्ट वर उभे राहिले. मी खाली गावच्या बायांमध्ये बसले, कारण एका आजीने सरकून जागा दिली. त्यांना वाटलं मी त्यांच्यातली. सगळ्या माझ्याशी तमिळमध्ये बोलत होत्या, मी मान हलवत होते. समुद्र खवळलेला होता. आजीला उलट्या सुरू झाल्या. मी तिचं डोकं धरलं, नाडी बघितली, घोट घोट पाणी पाजलं. एवढ्यात लाट आत आली आणि मी नखशिखांत भिजले. उतरल्यावर डोळे मिठाने चुरचुरत होते. हात धुवून दाखवायचे म्हणून मी खोक्यातला एक साबण हातात घेतला. निखिलने तेवढ्यात फोटो काढला. मला वाटलं, आठवण म्हणून काढला.

दि. ४ सप्टेंबर रोजी संध्याकाळी ड्यूटीवरून येताना कामोठ्याच्या बस थांब्यावर मला मी दिसले. दहा फुटी फलकावर. खाली संस्थेचं नाव आणि मजकूर असा : ‘इंदुमती, वय १९. हिने आयुष्यात पहिल्यांदा साबण पाहिला आणि तिचे डोळे भरून आले. तुमचा एक साबण, एक आयुष्य.’ वयातून दहा वर्षे कमी केली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. बाकी सगळ्याबद्दल आहे.

हे सांगत असताना जबाब लिहिणारे हवालदार मगदूम साहेब म्हणाले, “अरे तिच्यायला, त्या तुम्ही होय? आमच्या मिसेसने दोन डझन साबण पाठवले की.” मी म्हटलं, आभारी आहे.

दि. ६ रोजी सकाळी सव्वाआठला आमच्या दाराच्या कडीला पिशवी अडकवलेली मिळाली. आत अकरा साबण. त्यातला एक हॉटेलातला, अर्धा वापरलेला, केस चिकटलेला. सोसायटीतल्या कुणीतरी माझा चेहरा ओळखला, पण बारा वर्षे रोज जिन्यात भेटणारी मी कोण, हे काही ओळखलं नाही. आईने साबण ओट्यावर ओळीने मांडले. मग विचारलं, “आपल्या घराचा वास येतो काय गो?” तीस वर्षे जिने वॉर्डातली घाण काढली आणि घरी आल्यावर आंघोळीशिवाय मला जवळ घेतलं नाही, ती हे विचारत होती. मला रडू आलं. हे लिहा म्हटलं, तर साहेब म्हणाले, जबाबात रडणं बसत नाही. मी म्हटलं, बसवा. म्हणून लिहिलं आहे.

दि. १० रोजी मी बेलापूरला संस्थेच्या प्रमुख सरोजिनी राजाध्यक्ष यांना भेटले. त्यांनी मला सोफ्यावर बसवलं आणि काचेच्या कपात ग्रीन टी दिला. फलक काढा म्हटलं. त्या म्हणाल्या, “अगं, किती सुंदर प्रतिसाद आहे! खऱ्या इंदुमती तिथे असतीलच ना? तू त्यांचा चेहरा झालीस, किती मोठी गोष्ट आहे.” मी म्हटलं, त्या बेटावर प्रत्येक घरात साबण होता, दुकानात चार प्रकारचे होते, आणि ज्या आजीचं डोकं मी धरलं तिच्या पिशवीतही डबीत साबण होता. त्या म्हणाल्या, “तू चिडू नकोस. आपण गोष्ट पूर्ण करू. नर्सच्या पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये तुझा दुसरा फोटो काढू. ‘एका साबणाने इंदुमती नर्स झाली.’”

मी कप खाली ठेवला आणि निघाले. कप फुटल्याचं संस्थेचं म्हणणं आहे. कप फुटला हे खरं आहे.

काल, दि. १२ रोजी, रुग्णालयाचे व्यवस्थापक अरविंद सर यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. राजाध्यक्ष मॅडमचा त्यांना फोन गेला होता. सर फार खुशीत होते. म्हणाले, “गमरे, अशी संधी परत येत नाही. फोटोत मागे आपल्या हॉस्पिटलचा बोर्ड येऊ दे. मुलाखतीचं टेन्शन घेऊ नकोस, ती आता फॉर्मॅलिटी आहे.” फोटो नाही दिला तर, असं मी विचारलं. सर म्हणाले, “मग मुलाखत मुलाखतीसारखी होईल. पॅनेलवरचे सगळे याच रस्त्याने येतात, फलक सगळ्यांनी बघितलाय.”

चार वर्षे बी.एस्सी. नर्सिंग, सहा वर्षे अतिदक्षता, परीक्षेत पहिला नंबर. ते पद मला माझ्या नावावर पाहिजे, इंदुमतीच्या नाही. मी फोटो दिलेला नाही, देणार नाही. सोमवारी अकराच्या आत फलक उतरवावा, एवढीच माझी मागणी आहे. यात गुन्हा कुठला बसतो, असं साहेबांनी विचारलं. ते शोधायचा पगार मला मिळत नाही.

जबाब वाचून दाखवू का, असं साहेबांनी विचारलं. मी स्वतः वाचला. मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. फक्त पहिल्याच ओळीत साहेबांनी माझ्या नावापुढे ‘ऊर्फ इंदुमती’ असं लिहिलं होतं. ओळख पटायला बरं पडतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. ते खोडल्याशिवाय उठणार नाही म्हटलं. पाऊण तास बसले. खोडलं. जबाब बरोबर आहे, म्हणून सही करते.

क्रांती गंगाराम गमरे