कपाळ वरच असतं ना

अंधेरीला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एक वयस्क जोडपं उभं होतं. बाई दुकानदाराला सांगत होत्या,

“लेक नागपूरहून बोलते, काही कळत नाही. नुसतं हो हो म्हणते मी. आवाज पूर्ण वाढवून बघितला.”

“आजी, वरच्या जाळीत लाल काय भरलंय?”

“कुंकू. दसऱ्याला फोनची पूजा केली ना.”

“तिथेच लावलंत?”

“मग कुठे? कपाळ वरच असतं ना!”

“साफ केलं. लावा फोन.”

“अक्षता, आला गं आवाज! काय? मी कधी हो म्हटलं?... बरं, ठेव.”

“काय गं झालं?”

“तिची सासू दोन महिने आपल्याकडे राहायला येतेय.”

“मग नाही म्हण.”

“कशी म्हणू? विमानतळावर उतरल्यात. तुम्ही आणायला जाताय.”