उंबरावरची अळमी

मी कणकवलीकडची, लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले, तेव्हा आमचे हे मिलमध्ये होते, मग मिल बंद पडली, तर यांनी शिलाई मशीन घेतलं नि चाळीच्या तोंडाशी उंबराखाली मांडलं. चेन बदल, पँट आखूड कर, त्यावर दोन पोरी शिकल्या, सासरी गेल्या. काय सांगू तुम्हाला, त्या झाडानं आम्हाला पोसलं.

आता हे अळमीचं. पावसात त्या उंबराच्या बुंध्यावर पांढरी अळमी येते, एकावर एक शिंपले लावल्यासारखी, अळमी म्हणजे तुमचं मशरूम हो. ही खायची असते, माझ्या आयेनं लहानपणीच ओळख करून दिलेली. श्रावणात आमच्याकडे मासे बंद, तेव्हा ओल्या खोबऱ्याचं वाटप घालून केली तर मटण नको वाटतं, हे दोनदा भात घेतात, म्हणतात दत्तानं भाजी धाडली. उंबर दत्ताचं झाड ना, चाळीनं पादुकाही बसवल्यात.

पण आये अजून एक सांगायची. झाडार अळमी इली काय समजायचा, झाड आतसून कुसला, त्याच्याखाली ढोर बांधूचा नाय. आतून कुजलेलं झाड कधी कोसळेल, नेम नाही. आधी मूठभर यायची, यंदा सगळा बुंधा भरला, यांच्या डोक्यावरची फांदीपण. काढायला गेले तर बुंधा हाताला मऊ लागला, ओल्या पावासारखा.

यांना म्हटलं, मशीन नाक्यावर घ्या. तर म्हणाले, गप गो, गिऱ्हाईक झाडाच्या खुणेनं येतं. मग मीच पालिकेत कळवून झाड तोडणारी माणसं बोलावली, ती करवत घेऊन आली तर अख्खी चाळ आडवी, उंबराला लोखंड लावायचं नाही, वंश बुडतो, नि सगळ्यांत पुढे आमचेच हे, गळ्यात टेप घालून. गेली ती माणसं परत.

मी अळमी शिजवायची सोडली, तर हे स्वतःच काढून रुमालात बांधून आणतात, वर विचारतात, रुसलीस काय. परवा वारा सुटला, झाड कुरकुरलं, मला वर गॅलरीत ऐकू आलं, नि हे खाली मशीन चालवतायत, मान वर नाही. रागच येतो हो. म्हटलं तर म्हणतात, दत्त बघून घेईल.

म्हणून आता डबा घेऊन मीच खाली जाते, त्यांच्या बाजूला स्टुलावर बसून काजं करते, बटणं लावते, संध्याकाळपर्यंत. पोरी फोनवर रडतात, आई, तू तरी घरात बस. मी म्हणते, बायांनो, तुमचे संसार सुखाचे होवोत, पण या माणसाला एकट्याला तिथं बसवून मला वर जेवण जाणार नाही.